पगारे मॅडमचे डोंगर

आमच्या केंद्रात टोक केलेली पेन्सिल हवी असली की कपाट उघडायचं नाही, पगारे मॅडमच्या अंबाड्याकडे बघायचं. तिथे ती खोचलेली असायचीच. घरी जाताना ती काढायला मॅडम हमखास विसरायच्या. नाशिकच्या शालिमारला रिक्षात बसताना कुणी अनोळखी बाई सांगायची, ताई, डोक्यात पेन्सिल राहिली. मॅडम तिलाच दटावायच्या की राहू द्या, तिची जागा आहे ती. हे त्या स्वतःच दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगायच्या, हसू दाबत.

केंद्र म्हणजे काय, तर एका जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी, देवरे, विशेष शिक्षक, मूळचा देवळ्याकडचा. आतल्या खोलीत मॅडम, मानसशास्त्रज्ञ. जिल्ह्यातल्या शाळांमधून 'याला काहीच येत नाही' असा शेरा घेऊन पोरं यायची. मॅडम त्यांची बुद्धिमत्ता चाचणी घ्यायच्या आणि ते बघून पुढे काय शिकवायचं ते मी ठरवायचो. आमच्या वर साहेब होते. ते दुसऱ्या इमारतीत बसायचे आणि तिथून आमच्यावर लक्ष ठेवायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचे.

मॅडम मनमाडच्या. वडील रेल्वेत, घर रुळाला लागून. गाडी जाताना बोलणं थांबवायचं नाही, आवाज वाढवायचा, अशी त्यांच्या घरची रीत होती म्हणे. तो आवाज त्यांनी नाशिकला येतानाही सोबत आणला होता. फोनवर त्या बोलू लागल्या की फोनची गरज काय, असं आम्हाला वाटायचं. पण समोर मूल बसलं की तोच आवाज इतका खाली उतरायचा की मधलं दार उघडं असूनही मला शब्द ऐकू येत नसे. बागलाणचं पोर असेल तर त्या 'तुनं नाव काय शे?' असं विचारायच्या. त्यांची अहिराणी एवढ्यावरच संपायची, पण तेवढ्याने पोर खुर्चीत नीट टेकून बसायचं.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला त्या सगळ्यांसाठी खीर आणायच्या. एक चमचा घेऊन कुणी 'वा, काय झालीय' म्हटलं की त्यांना राग यायचा. वाटी संपवा, मग सांगा, म्हणायच्या. आम्ही मुद्दाम एका चमच्यावर तारीफ करायचो आणि बोलणी खायचो.

या खिरीच्या हट्टाचं मूळ त्यांच्या कामात होतं. पूर्ण बुद्धिमत्ता चाचणीला अख्खी सकाळ जाते, काही वेळा दोन बैठका लागतात. तालुक्याच्या शिबिरात दारात पोरांची रांग असते, तिथे ते जमत नाही. म्हणून तिथे छोटी चाचणी घेतात. चारच भाग: शब्द, आकडे, चित्रं आणि लाल-पांढरे ठोकळे. प्रत्येकात मोजके प्रश्न. चहा येईपर्यंत होऊन जाते. गुणांची बेरीज करायची, तक्त्यात बघायचं, एक आकडा मिळतो. आकडा रेषेच्या वर असला तर पोर शाळेत राहतं, खाली गेला तर त्याची वाट बदलते. खरं तर छोटी चाचणी ही नुसती चाळण. कुणाला नीट तपासायला हवं एवढंच तिने सांगायचं. पण आकडा एकदा कागदावर आला की त्याला चाळणीतला आकडा कोण म्हणतो?

मॅडमचं लक्ष आकड्याकडे नसायचंच. चार भागांच्या गुणांचे त्या चार ठिपके काढायच्या आणि अंबाड्यातली पेन्सिल उपसून ते रेघेने जोडायच्या. मग रेघ वर चढायची, खाली उतरायची, आणि मॅडम तिला नाव द्यायच्या. चढून वर सपाट झाली तर रामशेजचा डोंगर. दोन टोकं उंच आणि मध्ये खड्डा असेल तर चांदवड. एखाद्याची रेघ सरळ गेली की मैदान. बाहेरच्या खोलीत बसून मला आतून ऐकू यायचं, 'देवरे, आज दोन चांदवड आणि एक मैदान', आणि मी समजायचो की दिवस लांबणार.

त्यांचा नियम साधा होता. रेघ सपाट असेल तर आकडा लिहा, तो काहीतरी खरं सांगतोय. रेघेत चढउतार असतील तर आकडा लिहू नका. त्या पोराला परत बोलवा आणि पूर्ण चाचणी घ्या. त्या काळी त्या बेरीज करत, पण कागदाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, बारीक. आकड्याच्या रकान्यात पेनाने लिहायच्या: पुन्हा तपासणी. ती कोपऱ्यातली बेरीज त्यांनी पुढे कायमची सोडली. का सोडली, तेच मला सांगायचं आहे.

साहेबांना हे अजिबात पसंत नव्हतं. रकाना आकड्यासाठी आहे, मजकुरासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. एका बैठकीत सगळ्यांसमोर ते मॅडमना म्हणाले की शितावरून भाताची परीक्षा होते, आपल्या आया-आज्या तेच करत आल्या, तुम्हाला मात्र प्रत्येक वेळी अख्खं पातेलं चिवडायचं असतं. लोक हसले. मॅडम मनमाडच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर शितावरून कळतो. खाली करपलाय आणि वर कच्चा आहे, तर कुठलं शीत घ्यायचं ते तुम्हीच सांगा." साहेब चहा आणायला सांगून मोकळे झाले.

त्यामुळे मॅडम म्हणजे आकड्यावर न विसंबणाऱ्या, मुलाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या, असं कुणाला वाटेल. तेही खरं नव्हतं. त्या डोंगरावरही विसंबत नसत. कल्याणी नावाची एक नवी मुलगी आमच्याकडे शिकाऊ म्हणून आली होती. हुशार, उत्साही, मॅडमच्या डोंगरांवर भाळलेली. दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार आपल्या मुलाला घेऊन आले. कल्याणीने छोटी चाचणी घेतली. बाकी तीन भागांत मुलगा बेताचाच, पण आकड्यांचा ठिपका एकदम वर. तिने वडिलांना सांगून टाकलं की याचं डोकं गणितात विलक्षण चालतं. वडील हरखले. संध्याकाळी आमच्या टेबलावर पेढ्याचा पुडा.

मॅडमनी पुडा उघडू दिला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलाची पूर्ण चाचणी घेतली. डोंगर नाहीसा. त्याने दोन उत्तरं अंदाजाने दिली होती आणि दोन्ही बरोबर आली होती. मोजक्या प्रश्नांत दोन बरोबर म्हणजे ठिपका आभाळाला टेकतो, एक चूक म्हणजे दरीत जातो. त्या कल्याणीला म्हणाल्या, "छोट्या चाचणीतला डोंगर धुक्यातला असतो. डोंगर आहे की ढग, ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. तोवर आई-बापाला काही म्हणजे काही सांगायचं नाही. चांगलंसुद्धा नाही." वडिलांना निकाल सांगायला त्या स्वतः बसल्या. तो माणूस जाताना आमच्याकडे न बघता गेला, आणि कल्याणी मागच्या पायरीवर बसून रडली. मला मॅडमचा जरा रागच आला होता. पेढ्यांचं काय झालं ते आठवत नाही.

चांगलंसुद्धा सांगायचं नाही. हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा मनात घोळवलं.

भाद्रपद होता. पेठ तालुक्यातल्या एका शाळेत शिबिर लावलं होतं. बाहेर भात पोटरीला आलेला, वर्गात ओल्या दप्तरांचा वास. मंजुळा भोये नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी मॅडमसमोर येऊन बसली. घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोली, शाळेत जेमतेम जाणारी. शब्दांच्या भागात ती एक अक्षर बोलली नाही, जमिनीकडे बघत राहिली. आकड्यांत थोडंफार. चित्रांत बरी. आणि मग मॅडमनी ठोकळे काढले.

मी त्या दिवशी शेजारच्याच बाकावर होतो म्हणून हे पाहिलं. मंजुळाने ठोकळ्यांनी जुळवायची नक्षी बघितली आणि ती हात चालवायला लागली. तिचं तोंड मिटलेलं, बोटं मात्र घरचं काम करावं तशी सराईत. एकामागून एक सगळ्या नक्ष्या तिने केल्या. शेवटी मॅडम पुढच्या मुलासाठी नमुना मांडून ठेवत होत्या, त्यात त्यांच्या हातून एक ठोकळा उलटा बसला. मंजुळा उठून निघाली होती. ती थांबली, तिने वाकून तो ठोकळा फिरवला, नीट बसवला आणि निघून गेली.

मॅडमनी पेन्सिल काढून रेघ मारली आणि कागद माझ्यापुढे धरला. असा डोंगर मी तोवर पाहिला नव्हता. अगदी तळातून निघून शेवटी सरळ वर गेलेला. बेरीज मात्र रेषेच्या खालीच येत होती, बरीच खाली.

मुलीचा बाप, सोमा, दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने विचारलं, काय म्हणते पोर? मॅडमनी त्यांच्या नियमाप्रमाणे सांगितलं की आत्ता काही सांगता येत नाही, हिला नाशिकला घेऊन या, पुन्हा तपासू. दसरा झाल्यावरची तारीख दिली, एसटीने कोणत्या स्टँडला उतरायचं ते समजावलं, केंद्राच्या शेजारचं देऊळ खूण म्हणून सांगितलं. रकान्यात लिहिलं: पुन्हा तपासणी. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक बेरीज.

दसऱ्यानंतर पेठ-सुरगाण्याकडचं अर्धं गाव घरी नसतं. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी लागलेली असते, कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे मजुरीला उतरतात. हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मॅडमना मनमाडवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, द्राक्षाचं वेळापत्रक नव्हतं. त्यांनी दसऱ्यानंतरची तारीख दिली ती मुलीची शाळा बुडू नये म्हणून, सुट्टी बघून.

मंजुळा आली नाही. मॅडमनी शाळेत दोनदा निरोप धाडला. घराला कुलूप आहे, असं उत्तर आलं. नंतर शिबिरं सुरू झाली, दुसरे डोंगर आले, आणि मंजुळा मागे पडली.

ती पुन्हा भेटली त्याला दोनेक वर्षं उलटून गेली होती. पेठ रस्त्याला आत एका गावात मतिमंद मुलींसाठी निवासी संस्था आहे, तिथल्या मुलींची फेरतपासणी आमच्याकडे आली. पत्र्याचा मोठा हॉल, स्वच्छ सतरंजी, एकसारख्या फ्रॉकमधल्या मुली ओळीत बसलेल्या. मॅडम ओळीवरून नजर फिरवत गेल्या आणि एका मुलीपाशी थांबल्या. मी ओळखलं नव्हतं. त्यांनी ओळखलं.

ती तिथे कशी आली हे शोधायला फार खटपट करावी लागली नाही, कारण कुणी काही लपवलंच नव्हतं. तारखेला मुलगी गेली नाही, तेव्हा शाळेने वर कळवायला कागद बघितला. रकान्यात आकडा हवा होता आणि तिथे मजकूर होता. कोपऱ्यात मात्र आकडा होता. पेन्सिलीतला तो आकडा कुणीतरी पेनाने रकान्यात उतरवला. वाईट बुद्धीने नव्हे, काम अडू नये म्हणून. आकडा रेषेखाली होता, संस्थेत जागा होती, सोमाने अंगठा दिला. बस, एवढंच.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीतून रामशेज दिसायला लागला. मॅडम म्हणाल्या, "आकडा माझाच होता, देवरे. अक्षर तेवढं दुसऱ्याचं." त्या दिवसापासून त्यांनी कागदावर बेरीज केलेली मी पाहिली नाही. कोपरे कोरे राहू लागले. आणि ज्याच्या रेघेत चढउतार दिसेल त्याला तारीख देणंही त्यांनी बंद केलं. त्याच दिवशी, तिथेच, पूर्ण चाचणी. रांग थांबायची, ड्रायव्हर कुरकुरायचा, शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहायचा. मॅडम पोराला आपल्या डब्यातली पोळी-भाजी खायला घालून पुन्हा बसवायच्या. साहेबांच्या नोटिसा त्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवायच्या, त्यावर चहाचा कप ठेवायच्या.

पण मंजुळाला तिथून काढणं सोपं नव्हतं. संस्था वाईट असती तर बरं झालं असतं, भांडायला कुणी तरी समोर आलं असतं. तिथे जेवण वेळेवर होतं, औषध होतं, मुलींच्या डोक्यात ऊ नव्हती. मारहाण नव्हती. मुलींनी शांत बसावं, हात मांडीवर ठेवावेत, सांगितल्याशिवाय कशाला हात लावू नये, एवढीच शिस्त होती, आणि इतक्या मुली सांभाळायला दोनच बाया असल्यावर दुसरं काय करणार?

आधी बापाला विचारू, म्हणून आम्ही दिंडोरीला गेलो. पुन्हा छाटणीचेच दिवस होते. सोमा आणि त्याची बायको एका बागेत छाटलेल्या काड्यांचे डोळे लवकर फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावत होते, मनगटापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. सोमाने मॅडमना ओळखलं. बांधावर बसायला गोणपाट टाकलं. मॅडमनी सांगितलं की मुलगी तिथली नाही, तिला घरी आणा, मी शाळेशी बोलते. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, घरी कोण आहा? आम्ही इथे शेडात, तिची आजी गेली, पोर फवारणीच्या औषधात आमच्यामागे फिरेल. तिकडे दोन टाइम जेवते.

मॅडमनी त्याला विचारलं की दिलेल्या तारखेला का आला नाहीत. विचारायला नको होतं, असं मला वाटलं.

सोमा पिशवी बांधलेल्या हातांकडे बघत म्हणाला, "तवा छाटणीच व्हती, मॅडम. तरी एक दिस मोडला असता. तुमी म्हनला असता का पोर हुशार आहा, तर मी आलोच असतो. तुमी म्हनला, परत तपासू. आमाला वाटला, पोरीत खोट निघाली."

त्याच्या बायकोने आम्हाला द्राक्षाच्या पानावर भाजलेले शेंगदाणे दिले. मॅडमनी ते मुठीत धरले आणि गाडीत बसेपर्यंत मूठ उघडली नाही.

आता एकच वाट उरली होती. पूर्ण चाचणी घ्यायची, डोंगर कागदावर आणायचा आणि साहेबांपुढे ठेवायचा. डोंगर दिसला तर मुलगी मतिमंद नाही हे म्हणता येणार होतं, मग शाळा, आश्रमशाळेचं वसतिगृह, काहीतरी उघडणार होतं. मॅडमनी संस्थेकडून दोन दिवस मागून घेतले. मीही गेलो. कोकणी बोली जाणणाऱ्या एका शिक्षिकेलाही त्यांनी शब्दांच्या भागासाठी सोबत घेतलं. मी त्यांना एवढ्या तयारीने कुठे जाताना पाहिलं नव्हतं. जुनी पेन्सिल बोथट झाली होती तर नवी घेतली.

पहिल्या दिवशी शब्द आणि आकडे झाले. मंजुळा आता बोलत होती. 'हो' म्हणायची, 'नाही' म्हणायची, विचारलेला शब्द परत म्हणून दाखवायची. त्यापलीकडे काही नाही, ना मराठीत ना कोकणीत. मॅडम घाबरल्या नाहीत. तिचा जोर तिथे कधीच नव्हता, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ठोकळे. मॅडमनी नक्षीचं चित्र समोर ठेवलं, ठोकळे पुढे सरकवले आणि हळू आवाजात सांगितलं, असं कर. मंजुळाने चित्राकडे बघितलं. ठोकळ्यांकडे बघितलं. हात मांडीवरच होते. मॅडमनी पुन्हा सांगितलं. तिने एक ठोकळा उचलला, दुसऱ्याला जोडून ठेवला आणि हात परत मांडीवर नेऊन मॅडमच्या तोंडाकडे बघू लागली, बरोबर केलं ना, अशा नजरेने. वेळ संपली. दुसरी नक्षी. तिसरी. चौथ्या नक्षीला तिने सगळे ठोकळे गोळा केले, डबीत नीट भरले आणि झाकण लावलं.

मॅडमनी ठिपके काढले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. त्यांनी रेघ मारली. तिला नाव दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. मैदान होतं.

साहेबांनी कागद बघितला तेव्हा मॅडम आणि मी दोघेही समोर उभे होतो. खरं सांगायचं तर ते कुत्सितपणे बोलले नाहीत. ते म्हणाले, मॅडम, आता तर तुमच्याच नियमात बसतंय. रेघ सपाट, चाचणी पूर्ण. आता लिहा.

मी मध्ये पडलो. म्हणालो, या मुलीला हात लावायचा नाही असं शिकवलंय, ती ठोकळ्यांना हात लावणार कशी? ही चाचणी कसली? मॅडमनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "येत नाही म्हणून लावला नाही, की लावायचा नाही म्हणून लावला नाही, हे मला माहीत नाही, देवरे. माहीत नसताना मी चांगलं सांगत नाही." मग त्यांनी साहेबांच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि रकान्यात आकडा लिहिला. स्वतःच्या अक्षरात. खाली एक ओळ लिहिली की आधीच्या छोट्या चाचणीत या मुलीच्या वेगवेगळ्या भागांतल्या गुणांत मोठा फरक होता आणि तो आज दिसत नाही, हे ध्यानात घ्यावं. साहेबांनी ती ओळ वाचून मान हलवली. पुढे ती कुणी ध्यानात घेतली असेल, असं मला वाटत नाही.

मला त्यांचा संताप आला होता, तो बरेच दिवस टिकला. नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी, असं मी घरी बायकोला विचारत बसायचो. दोन शब्द खोटे लिहिले असते तर काय बिघडलं असतं? आज मला कळतं की खोटे लिहून काही घडलंही नसतं. बाप बागेत होता आणि आजी गेली होती.

त्या वर्षीच मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही, खीर आणली. मी मुद्दाम एका चमच्यावर म्हणालो, झकास झालीय. त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या, रागावल्या नाहीत. तेव्हा मला खरं वाईट वाटलं.

नंतर कळलं की त्या दर गुरुवारी पेठची एसटी धरून त्या संस्थेत जातात. पंचवटीतल्या एका सुताराकडून त्यांनी ठोकळे करून घेतले होते, लाल-पांढरा रंग घरी दिला होता. चाचणीचे ठोकळे खेळायला देत नसतात, सराव झाला की त्या मुलावर चाचणी पुन्हा चालत नाही. म्हणजे मंजुळाची चाचणी पुन्हा कधी घ्यायची नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आता त्यांना आकडाही नको होता आणि डोंगरही नको होता.

माझी मालेगावला बदली झाली त्याच्या आधी, माघात, मी एका गुरुवारी त्यांच्यासोबत गेलो. अंबाड्यात पेन्सिल नव्हती. केस पांढरे झाले होते आणि अंबाडा लहान झाला होता. संस्थेतल्या बायांनी त्यांच्यासाठी हॉलच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून ठेवली होती. मंजुळा येऊन बसली, उंच झालेली, केसांना तेल लावून दोन वेण्या घातलेल्या. मॅडमनी डबी उघडली आणि ठोकळे सतरंजीवर ओतले. मग स्वतःच एक नक्षी मांडू लागल्या. मोठी, सगळे ठोकळे लागतील अशी. मांडून झाल्यावर त्यांनी मधला एक ठोकळा उलटा फिरवला आणि हात काढून घेतला.

मंजुळा बघत राहिली.

मॅडमनी तिला काही सांगितलं नाही. असं कर म्हटलं नाही, बोट दाखवलं नाही. पत्र्यावर ऊन तापत होतं, मागे बाया भांडी घासत होत्या. कितीतरी वेळ तसाच गेला. मला नाशिककडे जाणारी शेवटची सोयीची गाडी गाठायची होती. मी हळूच म्हणालो, मॅडम, गाडीची वेळ झाली.

"तुम्ही व्हा पुढे, देवरे," त्या मुलांशी बोलायच्या आवाजात म्हणाल्या. "तिचं बघून झालेलं नाही अजून."

मी चपला घातल्या आणि दारातून एकदा मागे वळून पाहिलं. मॅडमनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, मंजुळासारखेच, आणि दोघी त्या उलट्या ठोकळ्याकडे बघत बसल्या होत्या.